ऑक्टोबरचा दुसरा सोमवार

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या राजधानीचं नाव कोलंबस. १८१२ साली वसवलेल्या या शहराला ख्रिस्तोफर कोलंबसचं नाव दिलं गेलं. १९५५ साली इटलीतल्या जिनोआ शहराने त्याचा भलाथोरला पुतळा भेट म्हणून पाठवला आणि तो थेट नगरपालिकेच्या इमारतीसमोर उभा राहिला. २०१८च्या ऑक्टोबरात मात्र याच शहराने जाहीर केलं, की ‘कोलंबस डे’ला आता सुट्टी नाही, कचेऱ्या चालू राहतील. कारण काय, तर निवृत्त सैनिकांच्या सन्मानाचा ‘व्हेटरन्स डे’ नोव्हेंबरात येतो, त्या दिवशी सुट्टी द्यायची आहे आणि दोन्ही सुट्ट्या परवडत नाहीत. ज्याच्या नावाने गाव नांदतं त्याचीच सुट्टी जमाखर्चात कापली गेली. पुढे १ जुलै २०२० रोजी पुतळाही उचलून गोदामात गेला. गावाचं नाव तेवढं राहिलं.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या वर्षाला ११ सुट्ट्या असतात. त्यांतल्या व्यक्तीच्या नावाच्या अवघ्या तीन. एक जॉर्ज वॉशिंग्टनची, दुसरी मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर यांची, तिसरी कोलंबसची. पहिल्याने देश उभा केला, दुसऱ्याने त्याला आरसा दाखवला. तिसरा जिनोआचा खलाशी, स्पेनच्या राजाराणीच्या आश्रयाने निघालेला, आणि आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याने कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. चार सफरींत त्याने बहामा, क्यूबा, हिस्पानिओला, जमैका, दक्षिण अमेरिकेचं उत्तर टोक आणि मध्य अमेरिकेचा किनारा पाहिला. आज अमेरिकेच्या ताब्यात असलेली प्युर्तो रिकोसारखी बेटं त्याच्या वाटेत आली, इतकाच काय तो संबंध.

तरीही त्याच्या नावाने दरवर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी टपाल बंद असतं, सरकारी कचेऱ्या बंद असतात. ही सुट्टी असावी की नसावी, यावर गेली तीस-पस्तीस वर्षं तिथे जो वाद चालू आहे तो ऐकताना वाटतं, की भांडण १४९२ सालाचं आहे. पण सुट्टीचं मूळ शोधत गेलं, तर माणूस पोचतो तो १८९१ सालच्या न्यू ऑर्लिन्समध्ये, एका तुरुंगाच्या फाटकाशी.

त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात. इंग्लंडपासून सुटलेल्या नव्या देशाला इंग्रज नसलेला एखादा पूर्वज हवाच होता. कोलंबस त्या जागी चपखल बसला. न्यूयॉर्कचं ‘किंग्ज कॉलेज’ १७८४ साली ‘कोलंबिया कॉलेज’ झालं, राजधानीच्या प्रदेशाला ‘कोलंबिया’ हे नाव मिळालं, १७९२ साली त्या सफरीला ३०० वर्षं झाली तेव्हा बाल्टिमोरमध्ये त्याच्या नावाचा स्तंभ उभा राहिला. १८२८ साली वॉशिंग्टन आयर्विंग या लोकप्रिय लेखकाने त्याचं चरित्र लिहिलं आणि त्यातून एक भाकडकथा घराघरांत पोचली: सगळे पंडित पृथ्वी सपाट म्हणत होते आणि एकटा कोलंबस ती गोल आहे म्हणत होता. वास्तविक पृथ्वी गोल आहे हे त्या काळच्या कुठल्याही शिकलेल्या माणसाला माहीत होतं. वाद होता तो अंतराचा. कानरी बेटांपासून जपान साडेचार हजार किलोमीटरच्या आत असावं, असा कोलंबसचा हिशेब होता. प्रत्यक्षात ते अंतर त्याच्या चौपटीहून जास्त आहे. म्हणजे पंडितांचंच बरोबर होतं. मधे एक अख्खं खंड आडवं आलं, म्हणून हा गडी वाचला.

आता न्यू ऑर्लिन्स. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण इटली आणि सिसिलीतून हजारो गरीब माणसं अमेरिकेत उतरत होती. काळ्या गुलामांची जागा भरायला त्यांना उसाच्या मळ्यांवर आणलं जाई. ती कॅथलिक होती, रंगाने सावळी होती, आणि गोऱ्यांच्या पंक्तीत त्यांना कोणी बसवून घेत नव्हतं. ऑक्टोबर १८९० मध्ये शहराचा पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी याच्यावर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. संशय इटालियनांवर आला. धरपकड झाली, १९ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यांतल्या नऊ जणांचा खटला आधी चालला. १३ मार्च १८९१ रोजी निकाल आला. सहा जण निर्दोष सुटले आणि उरलेल्या तिघांबाबत ज्यूरीचं एकमत झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजारोंचा जमाव जमला. पुढे वकील, व्यापारी अशी शहरातली प्रतिष्ठित मंडळी होती. तुरुंगाचं दार फोडून सशस्त्र टोळी आत शिरली. नऊ जणांना आतच गोळ्या घालण्यात आल्या, दोघांना बाहेर ओढून लटकावण्यात आलं. मेलेल्या अकरा जणांत आदल्या दिवशी सुटलेले होते, तसे ज्यांचा खटला अजून उभाही राहिला नव्हता असेही होते. नामांकित वर्तमानपत्रांनी या कृत्याचं समर्थन केलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टने तर खासगी पत्रात हे एकंदरीत बरंच झालं, अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे. शहराच्या महापौरांनी या हत्याकांडाबद्दल अधिकृत माफी मागितली ती २०१९ साली.

इटलीने आपला राजदूत परत बोलावला. युद्धाच्या गोष्टी निघाल्या. शेवटी अमेरिकेने सुमारे २५ हजार डॉलर भरपाई दिली आणि प्रकरण मिटवलं. तेवढ्यात कोलंबसच्या सफरीला ४०० वर्षं पूर्ण होत होती. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी १८९२ साली एक दिवस देशभर साजरा करण्याची घोषणा केली. इटलीशी बिघडलेलं सावरायचं होतं आणि इथल्या इटालियन मतदारालाही चुचकारायचं होतं. अमेरिकेच्या शाळांत मुलं छातीवर हात ठेवून जी राष्ट्रनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणतात, ती याच दिवसासाठी फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. न्यूयॉर्कमध्ये इटालियन वर्तमानपत्राच्या वाचकांनी वर्गणी काढून उंच खांबावर कोलंबसचा संगमरवरी पुतळा बसवला. तो चौक आजही ‘कोलंबस सर्कल’ म्हणूनच ओळखला जातो.

याच चारशेव्या वर्षाच्या निमित्ताने शिकागोत १८९३ साली जे जागतिक प्रदर्शन भरलं, त्याचं नावच ‘कोलंबियन एक्स्पोझिशन’. त्याला जोडून सर्वधर्म परिषद झाली, जिथे स्वामी विवेकानंद बोलले. मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मसमाजाच्या वतीने त्याच व्यासपीठावर होते. भारताच्या शोधात निघून भलतीकडेच पोचलेल्या खलाशाच्या उत्सवात भारतातली माणसं जाऊन भाषणं करून आली, हा योगायोग तिथल्या कोणाच्या लक्षात आला असेल का, कोण जाणे.

इटालियन समाजाच्या दृष्टीने कोलंबस हा कागदपत्रांतला पुरावा होता. आम्ही काल जहाजातून उतरलेले उपरे नाही, आमचाच माणूस इथे सगळ्यांच्या आधी आला, असं सांगायची सोय त्याने करून दिली. कॅथलिकांनी १८८२ साली ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही संस्था काढली तीही याच भावनेतून. १९०७ साली कोलोरॅडो राज्याने सुट्टीचा कायदा केला, तसा करणारं ते पहिलं राज्य. १९३४ मध्ये अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्षांना दरवर्षी हा दिवस जाहीर करायची विनंती केली.

दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेली, तेव्हा अमेरिकेत राहणारे पण नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन एका रात्रीत ‘शत्रुदेशीय’ ठरले. त्यांच्या फिरण्यावर बंधनं आली. बेसबॉलचा त्या वेळचा सर्वांत लाडका खेळाडू जो डिमॅजिओ, त्याचे वडील सॅन फ्रान्सिस्कोत मासेमारी करत. त्यांना स्वतःच्याच धक्क्यावर जायला बंदी झाली. मुलाच्या फटक्यांवर देश टाळ्या वाजवतोय आणि बापाला समुद्रापर्यंत जाता येत नाही! हा शत्रूचा शिक्का पुसल्याची घोषणा सरकारने कोणत्या दिवशी करावी? १२ ऑक्टोबर १९४२, कोलंबस डे. पुढच्याच महिन्यात निवडणुका होत्या, हेही सांगायला हवं.

१९६८च्या कायद्याने ही राष्ट्रीय सुट्टी झाली आणि १९७१पासून ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी पक्की झाली. तारखेचा घोळ मात्र सुरुवातीपासूनचा. कोलंबस उतरला तो जुन्या ज्युलियन पंचांगाच्या १२ ऑक्टोबरला, आजच्या पंचांगाने तो दिवस २१ ऑक्टोबर येतो. हॅरिसन यांनी म्हणूनच १८९२ साली २१ तारीख धरली होती. शिवजयंती तिथीने की तारखेने, यावर वर्षानुवर्षं वाद ऐकलेल्या मराठी वाचकाला याचं नवल वाटायचं कारण नाही. अमेरिकेने तिथीही सोडली आणि तारीखही, आणि जोडून येणारा सोमवार धरला.

या दिवसाला पहिला संघटित विरोध कोणी केला, हे आजच्या वादात सहसा कोणी सांगत नाही. तो विरोध मूलनिवासींचा नव्हता. तो होता कू क्लक्स क्लॅनचा. १९२०च्या दशकात या वर्णद्वेष्ट्या संघटनेला काळे नको होते, ज्यू नको होते, आणि कॅथलिकही नको होते. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात इटालियन समाजाने कोलंबसचा पुतळा उभारायचं ठरवलं, तेव्हा क्लॅनने विरोध केला आणि १९२५ साली नगरपरिषदेने आधी नकारच दिला. पुतळा बसला तो १९२७ साली. ९ जून २०२० रोजी आंदोलकांनी तोच पुतळा ओढून खाली पाडला आणि बागेतल्या तळ्यात टाकला. एकाच पुतळ्याने दोन टोकांच्या माणसांचा राग पाहिला.

आता मूळ आरोपीकडे वळायला हरकत नाही.

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामातल्या ज्या बेटावर उतरला, त्याला तिथले तायनो लोक गुआनाहानी म्हणत. ही माणसं सौम्य आहेत, चांगले नोकर होतील, असं त्याने पहिल्याच दिवशी रोजनिशीत नोंदवलं. दोन दिवसांनी तो लिहितो, की पन्नास माणसं हाताशी असली तर या सगळ्यांना ताब्यात ठेवता येईल. मूळ रोजनिशी हरवली, पण बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने करून ठेवलेला तिचा सारांश शिल्लक आहे. म्हणजे हे शब्द त्याच्या शत्रूंनी त्याच्या तोंडी घातलेले नाहीत, त्याने मालकांना खूश करण्यासाठी स्वतःच लिहिलेले आहेत.

स्पॅनिश जहाजांवर देवघेवीसाठी स्वस्त चीजवस्तू होत्या: काचेचे मणी, लाल टोप्या, आणि शिकारी ससाण्याच्या पायात बांधतात ती पितळी घुंगरं. तायनोंना या घुंगरांचं भारी वेड लागलं. घुंगरासाठी ते सोन्याचे तुकडे काढून देत. पहिल्या सफरीतलं हे चित्र गोड आहे. दुसऱ्या सफरीत, १४९३ साली, कोलंबस १७ जहाजं आणि हजारावर माणसं घेऊन आला. सोनं अपेक्षेइतकं सापडेना. मग हिस्पानिओला बेटावरच्या सिबाओ भागात फर्मान निघालं, की चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ठरलेलं सोनं आणून द्यायचं. माप कोणतं? तेच घुंगरू, सोन्याच्या कणांनी भरलेलं. ज्याने भरणा केला त्याला गळ्यात अडकवायला धातूचा बिल्ला मिळे. बिल्ला नसलेल्याला शिक्षा होई. नद्यांच्या वाळूत तेवढं सोनं नव्हतंच. लोक डोंगरात पळाले, शेतं ओस पडली, उपासमार झाली. काल भेट म्हणून दिलेली वस्तूच आज वसुलीचं माप झाली.

१४९५ साली दीड हजारांवर माणसं पकडून कोंडण्यात आली. त्यांतली पाचशेच्या आसपास निवडून विक्रीसाठी स्पेनला रवाना केली. सुमारे दोनशे वाटेतच मेली, प्रेतं समुद्रात टाकली गेली. ही माहिती त्याच जहाजांबरोबर गेलेल्या मिकेले दा कुनेओ या इटालियन माणसाच्या पत्रातून कळते. कुनेओ कोलंबसचा मित्र होता.

कोलंबसचे पाठीराखे इथे एक मुद्दा हटकून काढतात: पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या मापाने मोजू नका. मुद्दा एरवी योग्यच आहे, पण इथे तो टिकत नाही, कारण कोलंबसला त्याच्याच काळाने मोजलं होतं. त्याच्या कारभाराच्या तक्रारी वाढल्या तेव्हा राजाराणीने फ्रान्सिस्को दे बोबादिया या अधिकाऱ्याला चौकशीला पाठवलं. ऑगस्ट १५०० मध्ये तो हिस्पानिओलावरच्या सांतो डोमिंगोच्या बंदरात शिरला, तेव्हा स्पॅनिश माणसांची प्रेतं फासावर लटकत होती. त्याने साक्षी नोंदवल्या, कोलंबसला पदावरून दूर केलं आणि बेड्या घालून स्पेनला पाठवलं. त्या साक्षींची प्रत पुढे स्पेनमधल्या सिमांकासच्या दप्तरखान्यात मिळाली आणि २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यात त्याच्या बाजूचे आणि विरोधातले असे २३ साक्षीदार आहेत, आणि नाक-कान कापण्यापर्यंतच्या शिक्षांचं वर्णन आहे. माझ्या प्रजेला गुलाम म्हणून वाटायचा अधिकार या माणसाला कोणी दिला, असं विचारून इसाबेला राणी संतापली होती, असं लास कासास सांगतो. विकलेल्या काही तायनोंना परत पाठवायचा हुकूमही १५०० साली निघाला. राजाराणीने त्याला लवकरच मोकळं केलं, चौथ्या सफरीला जाऊही दिलं, पण सुभेदारी परत दिली नाही. काही बाबतींत पंधराव्या शतकाचा न्याय आजच्या काही भाषणांपेक्षा कडक होता म्हणायचं.

एक गोष्ट दुसऱ्या बाजूलाही सांगायला हवी. तायनोंचा जो संहार झाला, त्याचा सगळा हिशेब एका माणसाच्या माथी मारता येत नाही. हिस्पानिओलाची १४९२ची लोकसंख्या किती, यावर अभ्यासकांचे अंदाज एक लाखापासून कित्येक लाखांपर्यंत पसरलेले आहेत. १५१४च्या स्पॅनिश मोजणीत जेमतेम २६ हजार उरले होते. या संहारामागे सक्तीची मजुरी होती, उपासमार होती, आणि मोजणीनंतर, १५१८पासून, देवीची साथही आली, जिची गंधवार्ता कोलंबसला असणं शक्यच नव्हतं. तो १५०६ सालीच वारला. आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना तर तायनोंचा कैवारी म्हणवणाऱ्या लास कासासनेच केली होती. पुढे त्याचा त्याला पश्चात्ताप झाला.

मूलनिवासींचा विरोध उघडपणे पुढे आला तो १९७७ साली. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात झालेल्या परिषदेत, १२ ऑक्टोबर हा दिवस मूलनिवासींशी ऐक्य दाखवण्यासाठी पाळावा, असा प्रस्ताव आला. १९९० साली साउथ डकोटा राज्याने कोलंबस डेच्या जागी ‘नेटिव्ह अमेरिकन डे’ आणला. ‘लकोटा टाइम्स’चे संपादक टिम जियागो यांनी लेखणीतून ही मागणी लावून धरली होती, रिपब्लिकन राज्यपाल जॉर्ज मिकलसन यांनी ती मान्य केली. अमेरिकी सैन्याने वूंडेड नी इथे केलेल्या मूलनिवासींच्या हत्याकांडाला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती. १९९२ साली, पाचशेव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने ‘इंडिजिनस पीपल्स डे’, म्हणजे मूलनिवासी दिन, पाळायला सुरुवात केली. डेन्व्हरमध्ये मूलनिवासी नेते रसेल मीन्स आणि अमेरिकन इंडियन मूव्हमेंटचे कार्यकर्ते रस्त्यावर उतरले आणि इटालियनांना त्या वर्षीची कोलंबस डेची मिरवणूक ऐनवेळी रद्द करावी लागली. २००० साली ती पुन्हा निघाली तेव्हा शंभरावर लोकांना अटक झाली.

पुढे वेग वाढला. २०१४ मध्ये सिअ‍ॅटल आणि मिनीआपोलिस, २०१७ मध्ये लॉस एंजेलिस, २०१९ मध्ये मेन, व्हर्माँट, न्यू मेक्सिको ही राज्यं. २०२०च्या उन्हाळ्यात, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर, बॉस्टनमध्ये पुतळ्याचं डोकं उडवलं गेलं, आणि ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनीच, बाल्टिमोरचा पुतळा ओढत नेऊन बंदरात बुडवला गेला.

सगळ्यात मासलेवाईक प्रकार फिलाडेल्फियाचा. शहराच्या दक्षिण भागात, जुन्या इटालियन वस्तीत, मार्कोनी प्लाझा नावाचा बगीचा आहे. तिथे १८७६ सालचा कोलंबसचा पुतळा. जून २०२० मध्ये तो फोडायला येणारे आणि वाचवायला काठ्या घेऊन उभे राहणारे समोरासमोर आले. नगरपालिकेने पुतळ्याभोवती प्लायवूडची उभी पेटी ठोकली. काढायचं ठरलं, न्यायालयाने अडवलं, आणि पेटी तशीच राहिली. २०२२ साली त्या भागाच्या नगरसेवकाच्या विनंतीवरून पेटीला हिरवा, पांढरा आणि लाल रंग दिला गेला. इटलीच्या झेंड्याचे रंग! म्हणजे आतला इटालियन दिसणार नाही, पण तो आत आहे हे सगळ्यांना कळेल. अडीच वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने फळ्या निघाल्या आणि कोलंबस पुन्हा उजेडात आला.

न्यूयॉर्कच्या शाळांचं तर वेळापत्रकच फसलं. मे २०२१ मध्ये शिक्षण खात्याने पुढच्या वर्षाचं वेळापत्रक जाहीर केलं, त्यात कोलंबस डेच्या जागी मूलनिवासी दिन होता. इटालियन लोकप्रतिनिधींनी गिल्ला केला, आणि दिवस मावळायच्या आत नाव बदलून ‘इटालियन वारसा दिन / मूलनिवासी दिन’ असं झालं. मधल्या तिरक्या रेघेने दोघांना सांभाळलं. कोलंबस तेवढा गळाला.

इटालियन-अमेरिकन माणसाचं म्हणणं नीट ऐकलं, तर त्यात कोलंबसच्या राज्यकारभाराचं समर्थन क्वचितच असतं. आमच्या आजोबांनी वर्गणी काढून हा पुतळा उभारला, तेव्हा त्यांना कोणी घर भाड्याने देत नव्हतं, असं तो सांगतो. ते खरंच आहे. आणि आमच्या पूर्वजांच्या विनाशाचा प्रारंभ ज्या दिवशी झाला त्या दिवशी तुम्ही बँड वाजवता, हे मूलनिवासींचं म्हणणंही खरंच आहे. पण एक हिशेब १८९१ सालचा आहे आणि दुसरा १४९२ सालचा. दोन्ही एकाच सोमवारावर मांडले, म्हणून गाठ पडली.

यातून सुटायची वाट सापडली ती कोलोरॅडोला. सुट्टीचा पहिला कायदा करणारं हेच राज्य, आणि डेन्व्हरची आंदोलनंही याच राज्यातली. २०२० साली कोलोरॅडोने कोलंबस डे रद्द केला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी फ्रान्सिस झेव्हियर काब्रिनी यांच्या नावाने सुट्टी सुरू केली. एका स्त्रीच्या नावाने पगारी राज्यसुट्टी देणारं ते पहिलंच राज्य. मदर काब्रिनी मूळच्या इटलीतल्या लोम्बार्डीच्या. १८८९ साली त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि इटालियन मजुरांच्या मुलांसाठी शाळा, अनाथालयं, दवाखाने काढत देशभर फिरल्या. हत्याकांडाच्या दुसऱ्या वर्षी त्यांचं काम न्यू ऑर्लिन्समध्येही सुरू झालं होतं. त्यांनी उभ्या केलेल्या संस्था ६७. १९४६ साली संतपद मिळालेल्या त्या पहिल्या अमेरिकन नागरिक. इटालियनांनी या देशात काय भोगलं आणि काय दिलं हेच सांगायचं असेल, तर ते कोलंबसपेक्षा या बाईंच्या चरित्रातून कितीतरी सरळ सांगता येतं. तरी बाकीची राज्यं त्या वाटेला फारशी गेलेली नाहीत. मदर काब्रिनींना कोणी विरोध करत नाही, पण त्यांच्यासाठी कोणी रस्त्यावरही उतरत नाही.

हा वाद एकट्या अमेरिकेचा नाही. स्पेनचा राष्ट्रीय दिन आजही १२ ऑक्टोबर आहे. लॅटिन अमेरिकेत मात्र त्याच तारखेचा जुना ‘वंश दिन’ एकेका देशाने बदलला: व्हेनेझुएलात २००२पासून ‘मूलनिवासी प्रतिकार दिन’, अर्जेंटिनात २०१०पासून ‘सांस्कृतिक विविधतेच्या सन्मानाचा दिन’. मेक्सिको सिटीत मुख्य रस्त्यावरचा कोलंबस २०२० साली डागडुजीच्या नावाखाली हलवला गेला तो परत आला नाही. रिकाम्या चौथऱ्यावर कोणाला बसवायचं याचा सरकार विचार करत होतं, तेवढ्यात २०२१ साली स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी तिथे मूठ उंचावलेल्या मुलीची आकृती नेऊन ठेवली. आणि बहामा? जिथे तो खरोखर उतरला, त्या देशाने ‘डिस्कव्हरी डे’ची सुट्टी २०१३ साली बदलून ‘राष्ट्रीय वीर दिन’ केली. फारसा गाजावाजाही झाला नाही.

मराठी माणसाला यातलं फारसं परकं वाटू नये. कोलंबस ज्या देशाच्या शोधात निघाला होता तिथे सहा वर्षांनी पोचला वास्को द गामा, २० मे १४९८ रोजी, कालिकतजवळ. १९९८ साली त्याला ५०० वर्षं झाली. लिस्बनमध्ये त्याच्या नावाचा प्रचंड पूल खुला झाला. इथे मात्र गोवा आणि केरळ दोन्हीकडे या वर्षाच्या सोहळ्यांना कडाडून विरोध झाला. विरोधकांच्या तोंडी १५०२ सालची घटना होती: मक्केहून परतणारं, बायकामुलांसह शेकडो यात्रेकरूंचं जहाज गामाने जाळलं होतं, आणि त्याचं वर्णन त्याच्याच ताफ्यातल्या तोमे लोपिशने लिहून ठेवलं आहे. सोहळ्यांना विरोध झाला, पण नाव राहिलं. गोव्यात मुरगाव तालुक्यातल्या शहराचं नाव आजही वास्को-द-गामा आहे, रेल्वेच्या पाटीवरही तेच. जुन्या गोव्यात दिवाडीच्या फेरीबोटीकडे जाताना जी व्हाइसरॉयची कमान लागते, ती त्याच्या पणतूने बांधली. तिच्या कोनाड्यात वास्को अजून उभा आहे, आणि खालून दुचाक्या जात-येत असतात. वर कोण आहे हे बघायला मुंबई-पुण्याचे पर्यटकच थांबतात.

अमेरिकेत सध्या दोन्ही पाट्या लागलेल्या आहेत. २०२१ साली राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी कोलंबस डेची नेहमीची घोषणा केली आणि सोबत मूलनिवासी दिनाचीही, अशी घोषणा करणारे ते पहिले राष्ट्राध्यक्ष. २०२५ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी मूलनिवासी दिन वगळून फक्त कोलंबसची घोषणा केली आणि त्याचं तोंडभरून कौतुक केलं. या घोषणांनी सुट्टी येत नाही की जात नाही. राष्ट्रीय सुट्टीचं नाव १९६८च्या कायद्यात लिहिलेलं आहे, ते बदलायचं तर अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर व्हावं लागेल, आणि तसं एकही विधेयक आजवर पार पडलेलं नाही. राज्यांवर मात्र हा कायदा बंधनकारक नाही. म्हणून त्या सोमवारी अमेरिकेत टपाल सगळीकडे बंद असतं, रोख्यांचा बाजार बंद असतो, न्यूयॉर्कचा शेअर बाजार चालू असतो, आणि शाळेला सुट्टी आहे की नाही, असली तर कोणाच्या नावाने, हे त्या त्या गावाच्या वेळापत्रकात बघावं लागतं.